चाचा कोण, हे ठरवायचे कोणी?

सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी 'चाचा' ठरविले. त्यांचा अपराध कोणता? कोकणच्या सागरात व्यापार करणाऱ्या जहाजाने मराठ्यांचा दस्तक घ्यावा, न घेतल्यास जप्ती पत्करावी, हा त्यांचा दंडक. पोर्तुगीजही 'कार्ताझ' नावाचा परवाना याच समुद्रात सक्तीने घ्यावयास लावीत. पण ते मात्र राज्यकर्ते! १७२१ साली इंग्रज-पोर्तुगीजांच्या संयुक्त फौजेला कुलाबा जिंकता आला नाही. तरीही त्यांच्या बखरकारांनी मारलेला शिक्का आमच्याच सुशिक्षितांनी पिढ्यान्‌पिढ्या मिरविला. समुद्रावर न्याय करण्याचा अधिकार जो गाजवितो, चाचा कोण हे तोच ठरवितो.

स्वतंत्र भारताने हा धडा घेतला काय? नौदलाच्या मुंबईतील तळाला १९५१ मध्ये आंग्र्यांचे नाव मिळाले. कायदा मात्र झाला नाही.

त्याची किंमत १९९९ मध्ये कळली. सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून जपानकडे निघालेले 'अलोंड्रा रेनबो' हे जहाज चाच्यांनी पळविले, सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिले. तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने आणि नौदलाच्या 'प्रहार'ने त्या जहाजाचा पाठलाग करून नोव्हेंबरमध्ये पंधरा इंडोनेशियनांना पकडले. महाराणी ताराबाईंच्या नावाची नौका कर्तव्याला जागली!

पुढे काय? चाचा हा सकल मानवजातीचा शत्रू, त्याला पकडणाऱ्या राष्ट्राचे न्यायालय शिक्षा देऊ शकते, हे जुने तत्त्व १९८२ च्या सागरी कायदा करारात आहे. भारताने तो १९९५ मध्ये स्वीकारलाही. पण आपल्या दंडविधानात 'चाचेगिरी' हा गुन्हाच नव्हता! २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौदा जणांना शिक्षा ठोठावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. खलाशांनी जिवावर उदार होऊन पकडावे आणि दिल्लीने कायद्याविना सोडावे, ही कोणती राजनीती?

अखेर २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संमत केला. जन्मठेप आणि चाचेगिरीत कोणाचा मृत्यू ओढवल्यास फाशीपर्यंतची तरतूद त्यात आहे. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावरील पस्तीस सोमाली चाचे मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा गुन्ह्याला नाव होते.

तथापि कायदा छापला म्हणजे काम संपले नाही. पुरावा भक्कम हवा, खटला वेगाने चालायला हवा. कान्होजींच्या दस्तकामागे आरमार उभे होते. आज आरमार आहे, कायदाही आहे. आता न्यायासनाने आपली धार दाखवायची आहे.