येणे आणि पडणे

दिवाळीच्या फराळात व्याकरण वाढणारा मास्तर कोणाला आवडणार? पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन गुणांवरून जे रामायण झाले, त्याच्या मुळाशी व्याकरणच होते.

आमच्या धाकट्या कन्येची शिष्यवृत्ती दोन गुणांनी हुकली. तिच्या इंग्रजी शाळेतल्या बाईंनी चिठ्ठीत लिहिले होते, 'शी केम क्लोज टु विनिंग अ स्कॉलरशिप.' सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आईंना मराठीत सांगा ना." मी पडलो मराठीचा प्राध्यापक! छातीठोकपणे सांगितले, "दोन गुण कमी पडले." पोरीचे डोळे भरून आले.

कुठे चुकले माझे? थोडक्यात हुकल्याचे सांगायला इंग्रजीत दोन नेहमीचे प्रयोग आहेत. एक 'कम क्लोज', म्हणजे जवळ येणे. दुसरा 'फॉल शॉर्ट', म्हणजे बाण निशाणाच्या अलीकडेच पडावा, तसे कमी पडणे. अंतर तेच, पण 'कम' चाललेली वाट मोजते आणि 'फॉल' उरलेली. बाईंनी पहिला प्रयोग लिहिला, मी भाषांतर केले दुसऱ्याचे! (विद्यार्थ्यांनी जाता जाता ध्यानात ठेवावे : 'क्लोज टु'च्या पुढे 'विन' नव्हे, 'विनिंग' येते.)

तिसरा प्रयोग 'कम विदिन'. यात उरलेले अंतरही सांगून टाकायचे. अर्नेस्ट शॅकलटन ९ जानेवारी १९०९ रोजी दक्षिण ध्रुवापासून ९७ सागरी मैलांवर पोचला आणि शिधा पुरणार नाही हे ओळखून मागे फिरला. इंग्रजीत म्हणावे, 'ही केम विदिन नाइन्टी-सेव्हन माइल्स ऑफ द पोल.' ध्रुव हुकला खरा, पण तो आणि त्याचे तीन सोबती, चौघेही जिवंत परतले. अशा माणसाला 'कमी पडला' म्हणायला जीभ धजावेल का?

'कम क्लोज'ची एक गंमत आहे. बक्षीस मिळता मिळता हुकले तरी तेच, आणि माणूस बुडता बुडता वाचला तरी तेच : 'केम क्लोज टु ड्राउनिंग.' पुढे तो वाचला, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. आपल्या मराठीला मात्र इतके तटस्थ राहवत नाही. बुडता बुडता माणूस 'वाचतो' आणि जुळता जुळता लग्न 'राहते'. शेवटच्या क्रियापदात कुठे सुटकेचा निःश्वास, तर कुठे हळहळ.

हे सारे मला सुचले ते नंतर, रात्री अंथरुणावर. त्या वेळी मी नुसताच चष्मा पुसत उभा होतो. आईने मात्र नातीला जवळ ओढले आणि म्हणाली, "अगं, म्हणजे अगदी हाताशी आलं होतं की तुझ्या!" पोरगी डोळे पुसता पुसता खुदकन हसली.

आई चौथी शिकलेली. इंग्रजीचे अक्षरही तिला येत नाही. पण बाईंच्या 'कम'ला तिने नेमके 'येणे' शोधले, आणि एम. ए. झालेल्या मला 'पडणे'च सुचले होते!

निकाल काही दिवाळीत लागत नाहीत. पण लागतील तेव्हा मुलांना काय सांगायचे, ते मी तरी आजच ठरवून ठेवले आहे. गुण आपल्या हाती नसतात, क्रियापद असते.