समृद्धीवर रिजेनचा भरवसा किती धरायचा?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच वर्षीच्या राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने या रस्त्यावर ई-कारना टोलमाफी दिली. जालन्याहून मुंबईला निघताना इलेक्ट्रिक कार काढावी असे वाटणे साहजिकच आहे. सोबत अनेकांचा एक हिशेबही असतो : रिजेन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवू, म्हणजे जाता जाता बॅटरी भरत राहील. गावात हा हिशेब बराचसा जमतो, महामार्गावर मात्र फसतो.

रिजेन म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की चाकेच मोटरला फिरवू लागतात. मोटर जनित्राचे काम करते, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी मंदावते. साध्या ब्रेकमध्ये हीच ऊर्जा डिस्क तापवण्यात वाया जाते. ही ओढ किती हवी ते चालकाला ठरवता येते; टाटाच्या नेक्सॉन ईव्हीत त्यासाठी ० ते ३ अशा पातळ्या आहेत.

मग परत मिळते किती?

दीड टनाची कार ताशी १२० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्या गतीत साठलेली ऊर्जा भरते साधारण पाव युनिट, त्याहूनही थोडी कमीच. गाडी पूर्ण थांबवली आणि त्यातली दोन तृतीयांश परत मिळाली, तरी त्याच वेगाने पुन्हा जेमतेम पाऊण किलोमीटर जाता येईल. शिवाय समृद्धीवर थांबतो कोण? तिथे बॅटरी खाते ती हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी १२० ने गेलात तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो. ती ऊर्जा कुठलेही रिजेन परत आणत नाही. ९० ते १०० चा वेग धरणे हाच तिथला खरा उपाय, आणि पुढचा रस्ता मोकळा असेल तर रिजेन कमी ठेवून गाडी वाहू देणे फायद्याचे. वीज बॅटरीत घालून पुन्हा काढण्यात दोन्ही वेळा घट येते.

जालना शहरात चित्र उलटे. गांधी चमन ते मामा चौक एवढ्यात किती वेळा पाय उचलावा लागतो ते मोजून पाहा. दर वेळी मिळते थोडेच, पण कमी वेगात खर्चही कमी असल्याने ते जाणवते. घाटात तर जास्तच. तीनशे मीटर उतरताना दीड टनाच्या गाडीची सव्वा युनिट ऊर्जा मोकळी होते. कन्नडच्या घाटासारख्या वळणाच्या रस्त्यावर सावकाश उतरलात तर त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा परत येतो. इगतपुरीपुढे समृद्धीवरून कोकणात उतरताना मात्र वेग ठेवला, तर उताराची बरीच ऊर्जा हवेच्या विरोधातच जाते.

मागच्या वाहनाचे काय?

वरच्या पातळीवर पाय झटकन उचलला की कार ब्रेक दाबल्यासारखी मंदावते. युरोपात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार ही मंदगती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर ब्रेक न दाबताही मागचा दिवा लागलाच पाहिजे. त्याखाली तो न लागताही चालतो. जालन्याच्या एमआयडीसीतून सळया भरून निघालेला ट्रक मागे असेल, तर त्याला तुमच्याइतक्या अंतरात थांबता येत नाही. पाय हळूहळू उचला.

आणखी एक : बॅटरी १०० टक्के भरून घाट उतरायला लागलात, तर वीज ठेवायला जागाच नसते आणि रिजेन जवळपास बंद पडते. नेहमीची ओढ गृहीत धरून बसलेल्या चालकाला तिथे ब्रेक स्वतः दाबावा लागतो.