कोंडवाड्यांतील जनावरें

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां कोंडवाड्यांतील जनावरें मीं केवळ आंकडे म्हणून लिहिलीं. १८७१ च्या कायद्याप्रमाणें सात दिवसांत धनी न आल्यास नोटीस, आणखी सात दिवसांनीं लिलांव. पुढें जनावराचें काय झालें, तें वहींत येत नसे.

निवृत्तीनंतर अशाच एका लिलांवांत खंगलेला खोंड मीं घेतला. चार महिने कडबा-पेंड घातली, औताला शिकविला आणि दोन एकरांच्या एका शेतकऱ्यास दिला. पेरणींत त्यास जुंपलेला पाहून जें समाधान झालें, तें चाकरींत कधीं झालें नव्हतें. पुढें आणखी सहा जनावरें मार्गीं लागलीं. एक दगावलें; पोट चिरतां प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या.

२०१५ पासून आपल्या राज्यांत बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे, आणि ट्रॅक्टरामुळें गोऱ्ह्यांस काम उरलेलें नाहीं. म्हणून आपलेच बांधव रात्रीं तीं परक्या शिवारांत सोडून येतात. (दावें मात्र आठवणीनें घरीं आणितात!) ज्यास पोसणें अशक्य, त्यानें सोडण्यापूर्वीं आपल्या मंडळास कळवावें. घेणारा शोधण्यास मी हिंडेन. पहिल्या महिन्याची वैरण धन्यानें द्यावी.