मोत्याच्या पानात काय वाढू?

दिवाळी अंकात चकलीची भाजणी सोडून ही बाई कुत्र्याच्या जेवणाविषयी काय लिहीत बसली, असे आपल्या मनात येईल. येऊ द्या. चकलीवर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत.

मोत्या आमच्या घरी आला तो एका अटीवर. सासूबाई म्हणाल्या, "कुत्रा पाळा नाहीतर हत्ती पाळा, पण माझ्या स्वयंपाकघरात मांसमच्छी येणार नाही." हे लगेच 'हो' म्हणाले, मुलेही म्हणाली. मोत्याचे मत कोणी विचारले नाही.

वरणभात, पोळी, ताक असे घरचेच आम्ही त्याला घालू लागलो. तोही ताटली चाटूनपुसून लख्ख करी. पण सहा-सात महिन्यांत त्याची तकाकी गेली. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला खपल्या धरू लागल्या. दारावरची घंटा वाजली तरी स्वारी उठेना. मग मात्र माझ्या पोटात धस्स झाले.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हा उपाशी नाही. पोट भरते आहे, पण जस्त मिळत नाही." गव्हाच्या कोंड्यात, डाळींत फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो जस्ताला असा धरून ठेवतो, की पोटात गेलेले बरेचसे जस्त अंगी न लागताच बाहेर पडते. कॅल्शियमचीही तीच रड. ते फॉस्फरसच्या निदान बरोबरीने आणि फार तर दुपटीने असावे. आमच्या वरणपोळीत प्रमाण नेमके उलटे होते.

"मग आता मांसच घालायचे का?" मी भीतभीतच विचारले. सासूबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता.

तसे नाही म्हणाले. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढला. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की पिष्ट पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्याजवळ दोनच प्रती असतात, कुत्र्याजवळ मात्र कितीतरी. तेव्हा शाकाहारावर तो राहू शकेल. अंदाजपंचे मात्र चालणार नाही. (शेजारच्या वहिनींनी लगेच आपल्या मनीसाठी विचारले. मांजराला ते मुळीच चालत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य कुत्रा अंगात तयार करतो, मांजराला ते पुरेसे करता येत नाही.)

जस्ताच्या गोळ्या दिल्या आणि तयार खाद्य आणा म्हणून सांगितले. झाले, मी दुकानात गेले. तूरडाळ मी नुसती चिमटीत धरून नवी की जुनी ते सांगते, पण त्या पुड्यांपुढे माझी अक्कल चालेना. हिरवा ठिपका सगळ्यांवर, गाजरे-मटारांची चित्रे सगळ्यांवर. एक पुडा चित्र पाहून आणला. घरी आल्यावर चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली, तर तो नुसता खाऊ निघाला! 'परिपूर्ण व संतुलित आहार' ही अक्षरे त्यावर कोठेच नव्हती. सर्वांत आधी ती पाहावीत, हे मी पैसे मोजून शिकले.

दुसऱ्या पुड्यावर सोयाबीन पहिले होते. मला बरे वाटले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, हे मला ठाऊक होते. पण पुढे पाहते तो तांदूळ, तांदळाचे पीठ, तांदळाची कणी अशी तीन नावे ओळीने! तिघांची बेरीज केली तर पहिला नंबर तांदळाचाच लागला असता. आणि भोपळा-गाजर वर दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. वजन ओल्या मालाचे असते, त्यात पाणीच अधिक.

प्रथिनांच्या आकड्याचे असेच. डब्यातल्या ओल्या खाद्यावर ५ टक्के लिहिलेले पाहून मी नाक मुरडले होते. पण त्यात पाणी ७८ टक्के; म्हणजे उरलेल्या २२ भागांत ५, सुमारे २३ टक्के झाले. कोरड्या पुड्यावरचे २० टक्के, १० टक्के पाणी वजा जाता, २२ टक्केच भरतात. अमेरिकेतील प्रमाणाप्रमाणे मोठ्या कुत्र्याला पाणी वगळून निदान १८ टक्के प्रथिन हवे, पिलाला साडेबावीस.

पण हा आकडा नायट्रोजन मोजून काढतात, आणि लबाडी तेथेच शिरते. २००७ मध्ये अमेरिकेत गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले सापडले. त्याने नायट्रोजन वाढतो, प्रथिन फुगून दिसते. तिकडे कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून प्रथिन किती याबरोबर कशाचे, हेही वाचावे. डाळीत मेथिओनिन कमी, धान्यात लायसिन कमी. खिचडीत दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. तरी वर मेथिओनिन घातलेले बरे, कारण कुत्रा टॉरिन त्यापासूनच करतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणे, मसूर भरपूर असलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. नेमके कारण सिद्ध झाले नाही. पण मी वाटाणा पहिला असलेला पुडा घेत नाही, आणि टॉरिन लिहिलेले असले तर मला बरे वाटते.

मग ब-१२. वनस्पतीत ते नसते, तेव्हा वेगळे घातलेले हवेच. जस्त, तांबे, आयोडीन यांची नावे हवीत. ड जीवनसत्त्व कुत्र्याला उन्हात बसून पुरेसे मिळत नाही, तेही हवे. डॉक्टर म्हणाले, ड-३ पुष्कळदा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात. हे मी सासूबाईंना सांगावे की नाही, दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितले.

"लोकर कापल्याने मेंढी मरते का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग आण."

आणि एवढे करूनही मोत्या सुधारला नाही, तर? हे मी त्यांना त्याच वेळी विचारून घेतले. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तर त्याचे पान बाहेर गॅलरीत मांड. काय घालतेस ते मला सांगू नको."

तशी वेळ आली नाही. खपल्या दीड महिन्यात गेल्या, अंगावर पुन्हा तुकतुकी आली. डॉक्टर दर सहा महिन्यांनी वजन आणि रक्त तपासतात. फराळाचे ताट मात्र त्याच्यापासून दूर ठेवतो. बेदाणे आणि कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे. चातुर्मास त्याला बारा महिने.

परवा वाण्याकडून सामान आले. सासूबाई भिंग घेऊन बेसनाचा पुडा उलटासुलटा करीत होत्या. मी म्हटले, "काय शोधताहात?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, "यात वाटाण्याचे पीठ आहे का पाहते."