तिसऱ्या पार्टात हिरो कुठाय?

तिसरा पार्ट बोंबलला, असं आमच्या नाक्याचं म्हणणं आहे.

नाका म्हणजे बाळकुम नाका. मार्च २०२२ मध्ये आम्ही सहाजण हायवेवरच्या मॉलमधून ‘झुंड’ बघून चालत परत आलो तेव्हा हे वाक्य पहिल्यांदा कानावर आलं. त्यानंतर ते नाक्यावरून हललंच नाही. यंदाच्या जयंतीला मिरवणुकीत त्याच पिच्चरचं गाणं लागलं. पोरं अंग मोडेस्तोवर नाचली आणि घाम पुसत मेट्रोच्या खांबाला टेकून बसल्या बसल्या पुन्हा तोच वाद. ‘फॅन्ड्री’ पास, ‘सैराट’ फर्स्ट क्लास, ‘झुंड’ नापास. नागराजनं अपेक्षाभंग केला. आमच्यात एक इंजिनियर आहे, तो म्हणाला, "कुठलाही तिसरा पार्ट घे भावा, गंडतोच. क्रिशचा बघ. बॅटमनचा बघ."

वास्तविक नागराज मंजुळेच्या या तीन पिच्चरची गोष्ट एक नाही, गाव एक नाही, तिसऱ्याची तर भाषाही हिंदी. पार्ट वन, पार्ट टू हे आमच्या पोरांनीच ठरवून टाकलं. का ठरवलं ते मला कळतं. पडद्यावर आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरातलं माणूस दिसलं की ते पुढच्या शुक्रवारीही दिसावं असं वाटतं. इथपर्यंत ठीक. पण पोरांना तिसऱ्या पार्टात सुपरहिरो पाहिजे होता, तो मिळाला नाही म्हणून ती चिडलीत. माझं भांडण इथून सुरू होतं.

बॅटमन काढलाच आहे तर त्याचंच बघू. ख्रिस्तोफर नोलननं २००५, २००८ आणि २०१२ असे तीन बॅटमन काढले. तिसऱ्यावरून जगभर भांडणं झाली. जोकरसारखा व्हिलन नाही, शेवट पटत नाही, हे नाही, ते नाही. नाक्यावरही झाली. मी पण भांडलो, खोटं कशाला बोलू. पण त्या पिच्चरमध्ये चाललंय काय, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. एक अब्जाधीश. बापाची कंपनी, बापाचा वाडा, तळघरात हत्यारांचं भांडार. रात्री तोंडावर मुखवटा चढवून गल्लीबोळातल्या चोरांची हाडं मोडतो. तिसऱ्या पार्टात बेन नावाचा गुंड येतो आणि शहर जनतेला परत दिल्याची भाषणं ठोकतो. तुरुंग फुटतात, श्रीमंतांना बंगल्यांतून ओढून काढतात, रस्त्यावर झुंड उतरते. झुंड म्हणजे सगळ्या पापाचं मूळ! मग पोलिसांची फौज आणि तो अब्जाधीश मिळून तिला ठोकून काढतात आणि शहर वाचतं. कुणाचं शहर वाचतं रे? पॉपकॉर्न खात आपण टाळ्या कुणाला वाजवल्या? त्या पडद्यावर आपण कुठं होतो? झुंडीत होतो. मार खात होतो आणि वर स्वतःच शिट्या मारत होतो.

दहा वर्षांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा माणूस पिच्चर काढतो आणि त्याचं नावच ठेवतो ‘झुंड’. बॅटमन ज्यांना तुडवतो त्यांना हा कॅमेऱ्यासमोर आणून उभं करतो. नागपूरच्या वस्त्यांतली, कधी कॅमेरा न बघितलेली पोरं. नाव घ्यायचं तर अंकुश गेडाम, ज्यानं डॉन केलाय. ही पोरं चोऱ्या करतात, मारामाऱ्या करतात, पावसात प्लॅस्टिकच्या डब्याला लाथा घालत फुटबॉल खेळतात. आणि आमचा इंजिनियर विचारतो, यात हिरो कुठाय?

"बच्चन आहे की!" दुसरा म्हणतो. "आणि बच्चन तर काहीच करत नाही!" तिसरा म्हणतो. एकाच टपरीवर, एकाच कटिंगमध्ये दोन्ही तक्रारी. नागराजनं बच्चन घेतला म्हणून तो विकला गेला, आणि घेतलेल्या बच्चनला फायटिंग दिली नाही म्हणून पैसे वाया गेले. आयला, ठरवा तरी काय ते!

बच्चनचा हिशोब मांडायचाच तर नीट मांडू. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७३ साली ‘जंजीर’ लागला. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली आणि तिच्या निषेधाच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव मारला गेला. १९७५ साली ‘दीवार’ आला. आता सांगा, ‘चिडलेला तरुण’ म्हणून पेपरवाल्यांनी डोक्यावर कुणाला घेतलं? खरा चिडलेला तरुण बीडीडी चाळीत पोलिसांच्या लाठ्या खात होता. त्याच्या नावाची फाईल झाली, पोस्टर झालं नाही. पडद्यावरच्या चिडलेल्या तरुणाचं नाव विजय. ‘जंजीर’मध्ये खन्ना, ‘दीवार’मध्ये वर्मा. विजय कांबळे कधी झाला नाही. राग आमच्या रस्त्यावरचा, आडनाव त्यांच्या सोसायटीतलं. पुढं त्याच रागाला झगा चढवून १९८८ साली ‘शहेनशाह’ केला, दिवसा लाचखाऊ फौजदार आणि रात्री तारणहार. ऐंशीच्या दशकात तर बच्चनला ‘सुप्रीमो’ करून मुलांची कॉमिकंही काढली. म्हणजे बघा, सुपरहिरो सुपरहिरो म्हणतात तो या देशात कसा बनवला गेला.

तोच विजय ‘जंजीर’नंतर ४९ वर्षांनी नागपूरच्या झोपडपट्टीत येतो. आडनाव बोराडे. रिटायरमेंटला टेकलेला खेळाचा मास्तर. कुणाला ठोसा मारत नाही, कुणाला छतावरून उचलत नाही. पोरांना खेळायचे पाचशे रुपये देतो, पोरांना चटक लागली की पैसे बंद करतो. (हा मास्तर हवेतला नाही. नागपूरच्या विजय बारसेंनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं, त्यांच्यावरून तो घेतलाय.) जयंतीच्या रात्री तो विजय बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहतो. शहेनशाहचा झगा उतरवून नागराजनं त्याला आपल्या मंडपात आणला आणि आपण काय म्हणतोय? फायटिंग कुठाय!

माझं स्वतःचं एक भांडण आहे नागराजशी, तेही इथंच सांगून टाकतो. कोर्टात बच्चन लांबलचक भाषण करतो. चांगलं भाषण आहे, माझ्याही घशात आवंढा आला. पण तिथं डॉननं बोलायला पाहिजे होतं. अडखळत, शिव्या देत, दोन वाक्यं का होईना. आमच्या वतीनं बोलणारे आम्हाला काय कमी आहेत? या प्रश्नावर नाक्यावर वाद घाला, मी रात्रभर बसतो.

पण नाक्याला तो प्रश्न पडलाच नाही. नाक्याची तक्रार वेगळीच. इंटर्व्हलनंतर पिच्चर रखडतो म्हणे. मॅच जिंकली, तिथंच संपवायचा ना! नंतर तासभर नुसता पासपोर्ट, दाखले, पोलीस क्लिअरन्स. बोअर.

बोअर?

‘सैराट’मध्ये बुलेट उडवणारी रिंकू राजगुरू इथं आदिवासी पोरगी आहे आणि आपण कोण आहोत याचा कागद मिळवायला बापाबरोबर वणवण फिरतेय. आपण आपल्या देशात आहोत हे सिद्ध करायला कागद लागतो आणि तो कागद मिळवायला आधी दुसरा कागद लागतो. हे बघताना माझ्या शेजारी बसलेला मोबाईल काढून मेसेज बघत होता. त्याच पोराचं अॅडमिशन व्हॅलिडिटीवाचून लटकलं होतं!

माझंच सांगतो. माझा आजा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून ठाण्याला आला. कोलशेत रोडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबला. शाळेचं तोंड त्यानं बघितलं नाही, त्यामुळं शाळा सोडल्याचा दाखला नाही. मला कचेरीत सांगितलं, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा. मी एसटी धरून तालुक्याला गेलो. रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढायची होती. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी वही, नावापुढं जात लिहिलेली. चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा कारकून रजेवर. दुसऱ्यांदा वही फाटलेली. तिसऱ्यांदा मोडी वाचणारा नाही. चौथ्यांदा सापडली. चुलत आज्याच्या जन्माची नोंद, शाई उडालेली, आणि पुढं दोन अक्षरी, तीन अक्षरी काय म्हणायचं ते, आमची जात. ज्या आज्यानं दीक्षा घेऊन ती जात फेकून दिली, त्याच्या नातवानं ती धुळीतून हुडकून काढायची, झेरॉक्स मारायची, साक्षांकित करायची आणि साहेबासमोर धरायची. साहेबानं नोंद बघितली, मला बघितलं आणि विचारलं, "हा खरंच तुमचाच का?"

हा सीन कुठल्या सुपरहिरोला आहे? बॅटमनला कुणी रहिवासी दाखला मागितला? सुपरमॅन तर आभाळातून शेतात पडला. ना जन्मदाखला, ना आईबापाचा पत्ता. बेवारस पोर, आणि अमेरिकेचा तारणहार झाला. आमच्या बाळकुमच्या पाड्यात पडला असता तर वयाच्या तिसाव्या वर्षी सेतू केंद्राच्या लायनीत उभा असता. उडता येतं, पण १९५० पूर्वीचा पुरावा नाही!

म्हणून मला तो रखडलेला तास पिच्चरमधला सगळ्यात खरा वाटतो. तो लांबलाय हे मान्य. तीन तासांचा पिच्चर आहे, मलाही दोनदा घड्याळ बघावंसं वाटलं. पण आमच्या फायली काय चटकन सुटतात?

आणि अपेक्षा, अपेक्षा म्हणताय तर तारखाही लक्षात ठेवा. ‘फॅन्ड्री’ महाराष्ट्रात लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. जब्यानं शेवटी दगड भिरकावला तो थेट आपल्या तोंडावर. थेटरात शांतता, बाहेर आल्यावर कौतुक, समीक्षकांचे रकाने भरभरून. आणि त्याच वर्षी २८ एप्रिलला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगेला मारलं. सतरा वर्षांचं पोरगं, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून. अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते! २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फितूर झाले. ‘फॅन्ड्री’नं आपल्या अपेक्षा पूर्ण केल्या म्हणता, मग ‘फॅन्ड्री’ बघून गहिवरलेल्या महाराष्ट्रानं कुणाच्या पूर्ण केल्या? २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला, १०० कोटींच्या वर गेला. झिंगाटवर कोण नाचलं नाही? हळदीत नाचले, गणपतीत नाचले. आपल्या पोरीनं परश्या आणला तर कोयता काढणारेही नाचले. शेवटची पाच मिनिटं मात्र कुणी डीजेवर लावली नाहीत. हिंदीवाल्यांनी २०१८ साली त्याचा ‘धडक’ केला तेव्हा जात काढून टाकली आणि गोष्ट ठेवली. ‘झुंड’ लागला ४ मार्च २०२२ ला, ११ मार्चला ‘द काश्मीर फाइल्स’ लागला आणि काही राज्यांनी त्याला धडाधड टॅक्स फ्री केलं. ‘झुंड’च्या निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी जाहीर विचारलं, आमच्या पिच्चरला का नाही? उत्तर आलं का? आणि आपण नाक्यावर बसून नागराजचे मार्क कापतोय. भले शाब्बास!

हा तिसऱ्या पार्टाचा रोग पिच्चरपुरता असता तर मी एवढी शाई घालवली नसती. आपल्या चळवळीलाही तोच जडलाय. पँथर १९७२ ला निघाली, १९७४ ला ढाले-ढसाळ फुटले, १९७७ ला बरखास्त. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे मोजायला बोटं पुरत नाहीत. आणि प्रत्येक निवडणुकीला आपण टपरीवर बसून वाट बघतो की आता तिसरा पार्ट येईल, त्यात एक ढाण्या वाघ येईल, सगळे गट एका मुठीत धरील आणि आपली सुटका करील. तोपर्यंत आपण काय करणार? बॅनरवर त्याच्या फोटोखाली आपला पासपोर्ट साईज फोटो लावणार. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगून ठेवला. आपण काय केलं? त्यांच्याच अंगावर सुपरहिरोचा झगा चढवायला निघालो. टी-शर्टवर छाती फाडणारे बाबासाहेब बघितलेत मी, आपल्याच पोरांच्या अंगात. त्या माणसानं कागद वाचले, कागद लिहिले, रात्र रात्र जागून. उडाला नाही तो.

आमच्या चाळीमागं एक भिंत आहे. पलीकडं टॉवर. दोन वर्षांपूर्वी तिची उंची वाढवली आणि वर काचा लावल्या. पोरांचा बॉल पलीकडं गेला की परत येत नाही. पलीकडचा वॉचमन आपल्यातलाच आहे, भिवंडीकडून रोज कशेळी पूल ओलांडून येतो. त्याची नोकरी जाईल म्हणून पोरंही त्याला बोलत नाहीत. ‘झुंड’मध्येही भिंत आहे, तुम्ही बघितली आहे. तिच्यावर नाक्यावर एक शब्द निघाला नाही, कारण सगळे एंट्री सीन मोजत होते.

तर इंजिनियरसाहेब आणि बाकीचे भाऊ, असं करू. पाड्यातल्या अकरा पोरांच्या व्हॅलिडिटीच्या फायली अडकल्यात, त्यातल्या तीन पोरींच्या. तुला फॉर्म भरता येतात, मला रेकॉर्ड रूम माहीत झालीय, मोडी वाचणारे एक म्हातारे गुरुजी मी शोधून ठेवलेत. येत्या रविवारी दहा वाजता विहारात या. येताना रेशनकार्ड, बापाचा दाखला, जे असेल ते पिशवीत घालून आणा. तिसऱ्या पार्टावर बोलायचं तर तिथंच बोलू, नकला लावता लावता. चहा ज्याचा त्यानं आणावा.