दोष पत्त्याचा, शिक्षा माणसाला

आपला इंटरनेटवरचा पत्ता झाकणारं व्हीपीएन सुरू करून वेबसाइट उघडली की पुष्कळदा पान दिसण्याआधी 'कॅप्चा'ची परीक्षा सुरू होते. 'मी रोबोट नाही' या चौकटीत खूण करा. केली, की नऊ चित्रं. झेब्रा क्रॉसिंग निवडा. निवडलं, की सायकली; मग फायर हायड्रंट. आमच्या पाचोडमध्ये मोसंबीने भरलेल्या गाड्या आहेत, सोलापूर-धुळे महामार्गाची वर्दळ आहे. अमेरिकेतल्या फुटपाथवर उभा असतो तो लाल बुटका नळ मात्र इथे कुणी पाहिलेला नाही. तो ओळखता आला नाही, की माणूस असण्यावरच शंका. या प्रकाराबद्दल आपल्याकडे दोन मतं मोठ्या ठामपणे मांडली जातात. मला दोन्ही मान्य नाहीत.

पहिलं मत असं : ज्याला काही लपवायचं नाही त्याला व्हीपीएन लागतंच कशाला? वेबसाइट त्याची झडती घेते ते योग्यच.

हे म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघावं. करोनानंतर गावी राहून पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचं काम करणारी मुलं आपल्या भागातही दिसू लागली. व्हीपीएन सुरू केल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असा त्यांच्या कंपनीचाच नियम असतो. दुबईत नोकरी करणारा मुलगा गावाकडच्या जमिनीचा सातबारा बघायला जातो; आपली अनेक सरकारी संकेतस्थळं परदेशातून उघडत नाहीत, म्हणून तो भारतातला पत्ता देणारं व्हीपीएन घेतो. स्टेशनच्या फुकट वायफायवर बँकेचं काम करणारी बाई व्हीपीएन वापरते, कारण तसा सल्ला जाणकारच देतात. यांच्यात लबाड कोण? भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने काढलेल्या निर्देशांतही व्हीपीएनवर बंदी नव्हती. ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं जपून ठेवा, असं कंपन्यांना सांगितलं होतं. ते नको म्हणून एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी इथले सर्व्हर काढून घेतले. भारताचा पत्ता देणारे काही सर्व्हर आता प्रत्यक्षात सिंगापूरला असतात. पत्ता भारताचा, यंत्र सिंगापूरचं, हेही तपासणाऱ्या प्रणालीला खटकू शकतं.

दुसरं मत याच्या उलट टोकाचं : हा सगळा बड्या कंपन्यांचा डाव आहे. तुम्ही ओळख लपवता म्हणून त्या मुद्दाम छळतात, तुम्ही कंटाळून व्हीपीएन बंद करावं म्हणून.

यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो : कोड्यांतून कंपन्यांनी आपला फायदा काढलेला आहे. वेड्यावाकड्या अक्षरांच्या जुन्या कोड्यांतून, रिकॅप्चामधून, लोकांकडून जुन्या वर्तमानपत्रांचे आणि पुस्तकांचे शब्द वाचून घेतले गेले. २००९ साली गूगलने ती कंपनीच विकत घेतली. पण व्हीपीएनवाल्यालाच जास्त कोडी का, याचं उत्तर कटात सापडत नाही. ते आयपी पत्त्यात आहे. व्हीपीएन लावलं की वेबसाइटला तुमचा पत्ता दिसत नाही, व्हीपीएनच्या सर्व्हरचा दिसतो. त्याच सर्व्हरमधून त्याच मिनिटाला शेकडो लोक बाहेर पडत असतात. त्यांतला एखादा चोरलेले पासवर्ड हजारो खात्यांवर लावून बघत असतो, दुसऱ्याचा प्रोग्रॅम एखाद्या दुकानाच्या किमती ओरबाडत असतो. सगळ्यांच्या विनंत्या एकाच पत्त्यावरून येतात आणि त्या पत्त्याची पत खालावते. तो पत्ता घरचा नसून डेटा सेंटरचा आहे, हेही लगेच कळतं, आणि बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, चालवणारे डेटा सेंटरमध्येच स्वस्तात जागा घेतात. त्यात तुम्ही कुकीज पुसून आलेले असाल तर आधीची ओळख सांगणारी खूणही उरत नाही. सर्व्हर बदलला, की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे वेबसाइटचा तुमच्यावर राग नाही. ती तुम्हाला ओळखतच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथे सुरू होते.

पत्त्यावरून माणूस ठरवण्याची ही पद्धत व्हीपीएन न वापरणाऱ्यालाही सोडत नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे, पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा सहज मिळणारा साठा एप्रिल २०११ मध्येच संपला. त्यामुळे मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. अमेरिकेत एका घराला एक पत्ता मिळत असेल; आपल्याकडे कुठल्या कुठल्या गावांतले फोन एकाच पत्त्यामागे उभे असतात. त्यांतल्या एका फोनमध्ये व्हायरस शिरला, की झळ बाकीच्यांना. इंटरनेटवर उशिरा आलेल्या देशांना हा जो दंड बसतो, त्याची चर्चा आपल्याकडे होतच नाही.

आणि एवढं करून चोर तरी अडतो का? मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने '९११ एस५' नावाचं जाळं उद्ध्वस्त केलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकटची अ‍ॅप घेणाऱ्यांच्या संगणकांतून हे जाळं गुन्हेगारांची वाहतूक बाहेर काढत होतं. १९०हून अधिक देशांतले १.९ कोटी पत्ते त्यात होते. सगळे घरगुती, सगळे दिसायला सज्जन. पैसे मोजणारा भामटा अशा पत्त्याआडून निवांत जातो, आणि कंपनीचा नियम पाळणारी पोरगी सिग्नलची चित्रं मोजत बसते. (फुकटचं व्हीपीएन अ‍ॅप फोनमध्ये असेल, तर ते कुणाचं आहे हे आजच बघा.)

खुद्द कोड्याची गतही अशीच. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं, की बहुतेक प्रकारची कोडी बॉट माणसापेक्षा लवकर आणि अचूक सोडवतात. जिथे यंत्राला जमत नाही तिथे गरीब माणूस भाड्याने मिळतो. 'घरबसल्या कॅप्चा टायपिंग, रोज पैसे' ही जाहिरात आपल्या कितीतरी बेकार पोरांनी पाहिलेली आहे. हजार कोड्यांमागे एक डॉलरही हातात पडत नाही. म्हणजे दाराला कुलूप लावलं आणि किल्ली बाजारात विकायला ठेवली. बाहेर राहिला तो चित्र न दिसणारा अंध माणूस, इंग्रजी ध्वनिफीत न कळणारा म्हातारा.

'एक चित्र निवडलं तर काय बिघडतं' असं म्हणणाऱ्यांना मला एका जुन्या कायद्याची आठवण करून द्यायची आहे. १८७१ साली इंग्रजांनी काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जाण्याची खोड पुढे कित्येक वर्षं गेली नाही. त्या यातनांशी कॅप्चाची तुलना मी करत नाही, करूही नये. पण 'तू कुठून आलास' यावरून 'तू काय केलंस' हे ठरवायचं, ही विचाराची रीत तीच आहे. महाराष्ट्राने तरी ती कुठल्याही रूपात सहज पचवू नये.

मग बॉटना मोकळं सोडायचं? मुळीच नाही. जून २०२५ मध्ये रेल्वेने सांगितलं, की तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असत. अडीच कोटी संशयित खाती बंद केली गेली. तिथे पहारा हवाच, कारण तिथे एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याची गाडी चुकते. मात्र त्यावर उपाय म्हणून जुलैपासून तत्काळसाठी आधारची पडताळणी आली. तिकिटापुरती ती समजून घेता येईल. प्रत्येक पानाच्या दारात ओळखपत्र मागायचा पायंडा पडला, तर तो रोग कॅप्चापेक्षा वाईट ठरेल.

पहारा कृतीवर असावा. एकच ब्राउझर मिनिटाला दोनशे पासवर्ड लावून बघत असेल तर त्याला अडवा, त्याच्या पत्त्यावरच्या बाकीच्यांना जाऊ द्या. पैसे, पासवर्ड, आरक्षण इथे तपासणी कडक ठेवा. नुसतं वाचायला आलेल्याला वाचू द्या. नाव न सांगता माणूसपणाची खात्री पटवण्याची सोयही आता आहे. 'प्रायव्हसी पास' नावाच्या पद्धतीत एकदा पटवलेली खात्री टोकनच्या रूपाने ब्राउझरपाशी राहते, ते टोकन कुणाचं हे वेबसाइटला कळत नाही, आणि जून २०२४ मध्ये तिची अधिकृत मानकंही प्रसिद्ध झाली आहेत.

खासगी दुकानदाराला आपण विनंतीच करू शकतो. सरकारी पोर्टल आपल्या पैशांतून उभं राहतं, तिथे मागणी करता येते. पोर्टलच्या निविदेतच लिहून घ्यावं : परदेशातून वा व्हीपीएनमधून आलेल्या नागरिकाला केवळ पत्त्यावरून अडवायचं नाही, चित्र न दिसणाऱ्यासाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यासाठी मराठीत चालणारा दुसरा मार्ग द्यायचा, आणि अडवलंच तर का अडवलं ते त्याच पानावर सांगायचं. आज तिथे फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच लिहिलेलं असतं, आणि सेवा केंद्रातला मुलगा पुढच्या शेतकऱ्याला सांगतो, 'काका, सर्व्हर डाउन आहे, उद्या या.'