आंगणात सिल्व्हर ओक नको, करंज लावा



मृग जवळ आला की विचारणा सुरू होते, घरासमोर सावलीसाठी कोणतं झाड लावू? बऱ्याच जणांच्या मनात सिल्व्हर ओक असतो. भराभर वाढतो अन् नावही भारी!

पण भाऊ, तो ओक नाहीच. खरा ओक म्हणजे हिमालयातला बांज, थंडीतलं झाड. सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कर्नाटकात कॉफीच्या मळ्यात लावतात, कारण तो सरळ उंच जातो, सावली विरळ पडते आणि खोडावर मिरीचा वेल चढवता येतो. कॉफीला तेच पाहिजे. आपल्याला खाट टाकाले, बैल बांधाले दाट सावली पाहिजे. शिवाय त्याच्या फांद्या ठिसूळ. वादळात कवेलूवर पडल्या तर?

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या शहापूर भागात झाडाला एकच कसोटी लावा: मे महिन्यात त्यावर पाला असतो का? पारा ४५ कडे जातो तेव्हा साग उघडा असतो. गुलमोहर फुलतो छान, पण पाला उशिरा येतो. कडुनिंब कसोटीला उतरतो, मात्र कन्हार जमिनीत पाणी साचून राहिलं की तो टिकत नाही.

करंज दोन्ही सोसतो, उन्हाचा ताणही आणि धानाच्या बांधीजवळचा ओलावाही. जुना पाला झडला की लगेच नवी पालवी फुटते, ऐन वैशाखात गर्द सावली. शेंगवर्गातलं झाड असल्यानं मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. पाला चिखलणीत हिरवळीचं खत म्हणून गाडता येतो. बियांचं तेल निघते, पेंड खताले चालते.

तोटेही सांगतो. पाला, फुलं, शेंगा पडत राहतात, रोज झाडावं लागते. बिया कडू आणि विषारी, लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

लावायचं कसं? घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून २० फूट दूर, म्हणजे दुपारनंतरचं ऊन अडते. २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा, शेणखत, आणि पहिली दोन वर्षे काट्याचं कुंपण. दोन उन्हाळे पाणी द्या, पुढं ते आपलं आपण जगते.

झाड एकदाच लावायचं, सावलीत नातवंडं बसणार. नाव पाहून नाही, वैशाख पाहून निवडा. तुमच्या आंगणात मे महिन्यात कोणतं झाड हिरवं असते? नक्की सांगा.